शेजारच्या वाटीतली भाजी

बाबा चंडीगडला आले ते खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. पोतं फार मोठं नव्हतं, पण पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून इथवर, मधे गाडी बदलून, साठी उलटलेल्या माणसाने वाहून आणावं इतकं लहानही नव्हतं. बरोबर मेतकुटाचा डबा आणि तुपाची बरणी. दारातच ते सगळं पाहून माझं डोकं फिरलं.

"बाबा, पंजाबात आलात तुम्ही. इथे काय दुष्काळ पडलाय?"

"असू दे गं. मी माझंच खाणार. तुला ठाऊक आहे."

ठाऊक नसायला काय झालं! आमच्याकडची रीतच होती ती. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे दर तीनचार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. नागपूर झालं, भोपाळ झालं, मग चंडीगड. आई होती तोवर बाबा यातल्या एकाही घरी आले नाहीत. मी त्यांची एकुलती एक मुलगी, पण मीच दिवाळीला भोरकडच्या आमच्या गावी जाऊन भेटून यायचं. आई गेल्यावर घर त्यांना खायला उठलं, तेव्हा काकांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, त्यांना जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. म्हणून ते आले, आणि येताना पोतं घेऊन आले.

पहिले काही दिवस मजेत गेले. सकाळी ते शाल गुंडाळून बाजारात जायचे आणि स्वतःच्या पैशाने भाजी आणायचे. त्यांचं हिंदी ऐकून रेहडीवाला, म्हणजे हातगाडीवाला, सरदार हसायचा आणि कोथिंबीर फुकट घालायचा. घरी आले की बाबा ह्यांना हिशेब समजावून सांगायचे. "जावईबापू, तांदूळ माझा, भाजी माझी. क्वार्टर सरकारी, नळ सरकारी. म्हणजे पाणीही तुमचं नाही. राहता राहिली शेगडी, तेवढं देव पोटात घालील." हे खो खो हसायचे. मीही हसायचे, पण आतून मला ते लागायचं. आपल्या बापाच्या ताटात आपल्या घरची चटणीसुद्धा वाढता येऊ नये, ही काय गंमत आहे? आणि कारण काय, तर मला मूल नाही. दर जेवणाला तेच ताट मला तेच सांगायचं.

मार्गशीर्षात एका सकाळी न्हाणीघरात बादली पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, उत्तर नाही. ह्यांनी दार ढकललं तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात नुसता लोंबतोय. काहीतरी बोलायला बघत होते आणि नुसता घोगरा आवाज येत होता. अर्धांगवायू. आमच्या गावाकडे त्याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. ते थंडीचे दिवस आम्ही इस्पितळाच्या बाकड्यांवर काढले, आणि मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलायचे. त्यांनी मला समोर बसवून नीट सांगितलं. औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झालंय, आता खाण्यावर आहे. माणूस पडून राहिला की आतडीही पडून राहतात. त्यांना उठवायचं तर चोथा पाहिजे, पाणी पाहिजे. पालेभाजी, फळं, ताक, वरण, रोज. त्यातूनच जीवनसत्त्वं मिळतात, लोह मिळतं, पोटाच्या स्नायूंना लागणारे क्षार मिळतात. मीठ बेताचं. घास दाटसर, कुस्करून, बसवून भरवायचा. वर गोळ्या देतो, पण गोळ्या म्हणजे तोंडी लावणं, जेवण नव्हे.

मी मान डोलावली आणि घरी येऊन कंबर कसली. पालक शिजवून घोटला, दाटसर मुगाचं वरण केलं, पपई चमच्याने मऊ केली. बाबांना उशांना टेकवून बसवलं आणि पहिला चमचा पुढे केला. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मला वाटलं गिळता येत नाही. मग त्यांच्या पोत्यातल्या तांदळाचा गुरगुट्या भात केला, त्यावर त्यांचंच मेतकूट आणि त्यांचंच तूप. तो सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तेच. भात खातात, भाजी नाही. फळ नाही, ताक नाही, दुधाचा थेंब नाही. पाणी तेवढं प्यायचे, तेही बेताबेताने, कारण प्यायलं की मग भांडं मागायला लागतं आणि ते ह्यांनी धरायचं, त्याची त्यांना लाज. डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, गिळायला काही अडचण नाही, भात जातो तर भाजीला काय झालं?

भाजीला काय झालं ते मला एव्हाना कळून चुकलं होतं. वाचा गेली होती, हात गेला होता, पण रीत गेली नव्हती.

एक गोष्ट मात्र ते माझ्या हातून बिनतक्रार घ्यायचे. गोळ्या. औषधाला दोष नाही हे आमच्याकडे सगळेच मानतात, उपासालासुद्धा औषध चालतं. मग काय, आम्हा दोघांना तीच एक वाट सापडली. भाजी खात नाहीत ना, मग भाजीतलं सगळं बाटलीतून देऊ. पिवळ्या बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होत्याच. ह्यांनी ऑफिसातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या आणल्या, मग एक टॉनिक, मग आणखी एक. खिडकीत बाटल्यांची रांग लागली. मी इतकी खूश होते की विचारू नका. माझ्या घरचं काहीतरी बाबांच्या पोटात जातंय, मग ते बाटलीतलं का असेना.

आणि पोट दगड झालं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात तसं आमचं चाललं होतं. लोहाच्या गोळीने पोट आणखीच आवळतं हे आम्हाला कुठे माहीत? बाबांना बोलता येत नव्हतं, ते नुसते पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघत राहायचे. मग भातही जाईना. हे ऑफिसला निघताना दबक्या आवाजात विचारायचे, "आज झालं का?" मी मान हलवायची. लाजेकाजेची गोष्ट, पण त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. डॉक्टर आले, खिडकीतली रांग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. लोह ताबडतोब बंद, टॉनिकं बंद. पोटात अन्नच नाही तर या गोळ्या काम कशावर करणार, असं म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की हे असंच चाललं तर अंगातली ताकद जाईल, आणि मग माणूस जायला दुसऱ्या झटक्याचीही गरज नाही.

मी काय काय करून पाहिलं! पालकाचं पाणी औषधाच्या बाटलीत भरून चमच्याने पाजायला गेले. बाबांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मला चोरून बोरं खाताना पकडायचे तसं. बाटली मी मोरीत ओतली. तुमच्याच पैशाची भाजी आणते म्हटलं, तर उशीखालचं पाकीट त्यांनी डाव्या मुठीत घट्ट धरलं. त्यात परतीच्या तिकिटाचे पैसे होते. गावी जायचं होतं त्यांना.

एका दुपारी माझा तोल गेला. मेथी बारीक चिरून, मऊ शिजवून, भातात लपवून नेली होती. त्यांनी पहिला घास तोंडात घेतला आणि जिभेने हळूच बाहेर ढकलला. हनुवटीवरून ओघळला तो. मी ताटली खाली आपटली.

"थुंका! थुंका माझं अन्न! मूल झालं नाही यात माझा काय गुन्हा, सांगा ना! एसटी स्टँडवरच्या त्या दारुड्या भजीवाल्याच्या हातचं चालतं तुम्हाला, आणि पोटच्या पोरीचा घास चालत नाही? मराल तुम्ही, बाबा! माझ्या घरात उपाशी मराल आणि लोक म्हणतील पोरीने घातलं नाही!"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डावा हात उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, पण तोंड उघडलं नाही. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि भिंतीशी उभी राहून हमसून हमसून रडले.

आमच्या क्वार्टरांची मागची अंगणं एका बुटक्या भिंतीने वेगळी केलेली होती. पलीकडे एक शीख कुटुंब राहायचं. घरातली सून माझ्याच वयाची, तीन पोरांची आई, दिवसभर काम करताना मोठ्याने गाणारी. आम्ही एकमेकींना भैणजी, म्हणजे ताई, म्हणायचो. ती कपडे वाळत घालत होती. मराठी तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिने भिंतीवरून वाकून विचारलं, "बाऊजी बेटी के घर का नहीं खाते ना?"

मी डोळे पुसून मान डोलावली.

"हमारे पिताजी तो पानी भी नहीं पीते," ती म्हणाली. "तीन बच्चे हो गये, तो भी नहीं. आप रोती क्यों हो जी? मैं थोड़ी उनकी बेटी हूँ. मेरे घर का खायेंगे." आणि त्याच संध्याकाळी ती डोक्यावर ओढणी घेऊन पुढच्या दाराने आली, पितळी वाटीत मोहरीच्या पाल्याची भाजी घेऊन. बाबांजवळ बसली, वाटी दाखवली, स्वतःच्या घराकडे बोट केलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आनंद झाला का? झाला ना. आणि असा जळफळाट झाला की तोही सांगून सोय नाही.

पण तिच्या घरची भाजी रोज चालणारी नव्हती. त्यांच्याकडे सात माणसं, तिखट भरपूर, वर लोण्याचा गोळा. बाबांना बेताच्या मिठाचं, घोटलेलं पाहिजे. आणि मी हातीपायी धड असताना माझ्या बापासाठी दुसरीने का खपावं? मी तिला म्हटलं, शिजवते मी, भरव तू. ती आधी का कू करत होती. मग हसली आणि म्हणाली, "पक्का."

तेव्हापासून तसंच ठरलं. सकाळी मी भाजी करायची, पातेलं भिंतीवरून पलीकडे द्यायचं. ती तिच्या वाटीत काढायची, ओढणी सावरायची आणि पुढच्या दाराने यायची. "बाऊजी, की हाल है?" ताकही तसंच जायचं आणि लस्सी होऊन यायचं. संत्र्याचा रस, पपई, मऊ केलेला पेरू, सगळं आमच्या मागच्या अंगणातून निघून आमच्याच पुढच्या दाराने आत यायचं. ह्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही दोघी काही खऱ्या नाही." पण भाजी आणायची पिशवी त्यांनी त्या दिवसापासून स्वतःहून उचलली.

पहिल्याच दिवशी घोटाळा होता होता राहिला. मी सवयीने पालकाला हिंग मोहरीची फोडणी दिली, चिमूटभर गूळ घातला. आई करायची तशी. बाबांनी घास घेतला आणि चावायचे थांबले. वाटीकडे बघितलं. मग मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. भैणजी भारी हुशार, तिने पटकन स्वतः एक चमचा खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि हाताने खूण केली की आज बिघडली बुवा माझी भाजी. वाटी घेऊन ती निघून गेली.

मग मी तिच्याकडून शिकले. आलं किती, लसूण किती, कांदा कसा परतायचा, साग, म्हणजे त्यांची पालेभाजी, किती वेळ घोटायचं. हिंग नाही, मोहरी नाही, गूळ नाही. आईने माझ्या हातात घातलेली चव मी एकेक करून काढून टाकली. बाबांना तीच चव सगळ्यात आवडायची, आणि तीच आली की त्यांचं तोंड मिटणार होतं. पातेलं ढवळताना मला आईची फार आठवण यायची आणि मी तिची मनातल्या मनात माफी मागायची.

पोट हललं. ज्या दिवशी हललं त्या दिवशी हे ऑफिसला जाता जाता दारात थांबले आणि मला म्हणाले, "पेढे वाटू का?" मी हसले, हसता हसता रडले. नंतर सगळं हळूहळू रुळावर आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतडी कामाला लागलीत, आता खाल्लेलं अंगी लागेल. बी कॉम्प्लेक्सची एक गोळी ठेवली, बाकी काही नको म्हणाले. काय देता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "शेजारीण देते." खोटं बोलायची एव्हाना सवय झाली होती.

माघात बाबा आधाराने अंगणात उन्हाला बसायला लागले. डाव्या हाताने चमचा धरायला लागले. मग शब्द यायला लागले, एकेक, अडखळत. पहिला शब्द कुठला येतो याची मी वाट बघत होते. माझं नाव येईल, आईचं येईल. एका सकाळी भैणजी वाटी घेऊन आत आली आणि बाबा म्हणाले, "पोरी."

तिला. लहानपणापासून मला ज्या हाकेने बोलवायचे, त्या हाकेने. तिने अर्थ विचारला. मी सांगितला, "बेटी." तिचे डोळे भरून आले, तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून भाजी भरवत राहिली. मी आत जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

एकदा वाटलं, आता सांगून टाकावं. आता अंगात ताकद आलीय, सांगावं की बाबा, सगळा हिवाळा तुम्ही माझंच खाल्लंत, काही आकाश कोसळलं नाही. शब्द ओठांवर आले होते. पण पुन्हा तोंड मिटलं तर? मी पातेलं उचललं आणि भिंतीवरून पलीकडे दिलं.

फाल्गुनात काका त्यांना न्यायला आले. रिक्षा दारात उभी होती. भैणजी सासूला आणि पोरांना घेऊन निरोप द्यायला आली. बाबांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि एकेक शब्द शोधून म्हणाले, "तुझ्या... हातचं... खाऊन... जगलो." काकांनी त्याचं हिंदी करून सांगितलं. भैणजी माझ्याकडे बघायला लागली, तिचे ओठ हलले. मी जोरात मान हलवली, नाही. मग तिने वाकून बाबांच्या पायाला हात लावला आणि ओढणीत तोंड लपवलं.

स्टेशनवर गाडी लागली. बाबांना खिडकीशी बसवलं. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरला. चेहरा कसा निवांत होता, खूप दिवसांनी.

"तुझं... काही... घेतलं नाही," ते म्हणाले. "होईल. आता... होईल."

मला आधी समजलंच नाही. काकांना विचारलं तर त्यांनी मला फलाटावर दोन पावलं बाजूला नेलं. म्हणाले, "तुला नाही सांगितलं त्याने. अगं, रीत आपली आहेच, पण हल्ली कोण एवढं पाळतंय? तुला दिवस राहीनात तेव्हा तो गावदेवीला जाऊन नवस बोलून आला होता. पोरीची ओटी भरेपर्यंत तिच्या घरचा कण तोंडात घालणार नाही म्हणून. म्हणून तर एवढं पोतं वाहून आणलं त्याने."

बाई गं! आणि मी त्यांना काय काय बोलले होते. मी खिडकीकडे वळले तोवर गाडी हलली. बाबा डावा हात हलवत होते आणि त्या अर्ध्या तोंडाने हसत होते. जिंकून चाललेल्या माणसासारखे.

चैत्र सरायच्या आत तार आली. दुसरा झटका, झोपेतच. पोचायला आम्हाला दोन दिवस लागले, सगळं आटोपलेलं होतं.

मला पुढे मूल झालं नाही. नवस माझ्या पालेभाजीने मोडला असं मी मानत नाही. उपाशी बापाला मरू द्यावं असं कुठली देवी म्हणेल? म्हणत असेल तर तिने माझ्याशी येऊन भांडावं. मऊ भात कालवून, भाजी कुस्करून, फळाच्या बिया काढून, पोट साफ झालं की नाही याच्याकडे डोळे लावून एक जीव मी वाढवला. तेवढा एकच.

तेराव्याला पंगत बसली होती. काकू सगळ्यांना सांगत होती, जाईपर्यंत त्यांच्या तोंडी त्या पंजाबी बाईचीच भाजी होती, तशी चव पुन्हा मिळाली नाही म्हणायचे. कुणीतरी म्हणालं, कोण कुठली परकी बाई, पण पोटच्या पोरीसारखं केलं हो तिने. मी भात वाढत होते. म्हटलं, "हो, फार केलं तिने," आणि पुढच्या पानाकडे वळले.